राखीव पिशवी

बोटाच्या टोकावरचा कापसाचा बोळा त्याने अजून टाकला नव्हता. टोचून अर्धा तास झाला होता, थेंबही सुकला होता, तरी अंगठ्याने तो दाबून धरून तो बाकावर बसला होता... हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक दोन. "छान आहे हो तुमचं. लागलं तर बोलावते," असं रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या आणि तो या वयातही शाबासकी मिळाल्यासारखा लाजला. आठ दिवस बीट आणि खजूर खाणं चाललं होतं, शेवटी बायको म्हणाली, "रक्त द्यायला चाललायत की कुस्तीला?"

तिला काय सांगणार — की सहा वर्षांपूर्वीच एक पिशवी द्यायची होती. भावोजींच्या वेळी. ताईने फोनवर "येतोस ना?" एवढंच विचारलं, तो "निघालोच" म्हणाला, आणि मग पायात बूट घालून घरातच बसून राहिला. सुईची भीती, भावोजींच्या पिवळ्या चेहऱ्याची, की ताई रडेल याची — आजही सांगता येत नाही. त्याने फोन बंद केला. रक्त दुसऱ्या कुणीतरी दिलं, भावोजी तरीही गेले, आणि ताईने त्याला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. तेच त्याला खात होतं. म्हणून भाचीचा फोन आला — आईच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, तिचा गट सहसा मिळत नाही, तुमचा तोच आहे — तेव्हा खरं तर त्याला आनंदच झाला. दंडातून निघेल, पिशवीत भरेल, ताईच्या अंगात जाईल. तोंडाने काही बोलावं लागणार नाही.

भाची समोर येऊन उभी राहिली. "मामा, झालं ऑपरेशन. आई बरी आहे. रक्त लागलंच नाही."

"लागलं नाही म्हणजे?"

"आता आधीच एक औषध देतात, शिरेतून. रक्तस्राव कमी होतो. रक्तपेढीने राखून ठेवलेली एक पिशवी होती, तीसुद्धा परत पाठवली."

"मी दिलं असतं की."

"द्या ना. दुसऱ्या कुणाला तरी होईल. तुम्हाला कामावर जायचं असेल तर जा. थांबायलाच हवं असं काही नाही."

त्याला आधी राग आला. कुठल्याशा एवढ्याशा औषधाने त्याच्या आठ दिवसांवर पाणी फिरवलं होतं. आणि मग, त्या रागाच्या पाठोपाठ, एकदम हलकं वाटलं — सुटलो... हे हलकं वाटणं त्याच्या ओळखीचं होतं. फोन बंद केल्यावर अगदी असंच वाटलं होतं. सहा वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की त्या दिवशी आपण घाबरलो. घाबरला होता हे खरंच. पण त्याला बरंही वाटलं होतं.

"शुद्धीवर आहे ती?"

"हो. कोण कोण आलंय विचारत होती. मी अजून काही सांगितलं नाही."

भाचीने ते सहज सांगितलं, आरोप नव्हता त्यात. तरी त्याची नजर बाहेरच्या दाराकडे गेली, आणि गेली हे त्याला कळलं. ताईला द्यायला आता आपल्याजवळ काहीच नाही, नुसतं जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं...

"मी आलोय म्हणून सांग," तो म्हणाला, आणि सहा वर्षांपूर्वी वाटली नव्हती इतकी भीती त्याला आता वाटायला लागली.