लाल दोऱ्याचं पातेलं

ही गेली त्या दिवशी मी मशीनवर होतो. छापखान्यात औषधाच्या खोक्यांचं काम चालू होतं. मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी स्वतः मशीन बंद केलं. तीस वर्षांत त्यांनी कधी मशीनला हात लावला नव्हता.  म्हणाले, "गोठ्यावरून फोन होता. वहिनी पडल्या. दवाखान्यात नेलंय." मी विचारलं, "शुद्धीवर आहे ना?"  खुंटीवरची माझी पिशवी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

रोलरवरची शाई पुसायची राहिली. दोन आठवड्यांनी कामावर गेलो तेव्हा ती वाळून दगड झाली होती. पहिला सगळा दिवस खरवडण्यात गेला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, जमिनीवर पडायच्या आधीच गेल्या असाव्यात, त्रास झाला नसेल. मी बाहेर आलो तर फाटकाशी मिरची उभी होती. तिच्या हातात हिच्या रबरी चपला होत्या. गोठ्यात राहिल्या होत्या त्या घेऊन आली होती.

"भावजी, मी आत येऊ का?"

"ये की."

पण ती आली नाही. चपला माझ्या हातात दिल्या, त्यांच्यावरचं शेण पुसलेलं होतं, आणि मान खाली घालून निघून गेली. चौदा महिने त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मिरची ही हिची वीस वर्षांची मैत्रीण. शिवणकाम करते. उंची बेताची आणि जीभ लांब, म्हणून हिनंच तिचं नाव मिरची ठेवलं होतं. दोघी व्हीगन. म्हणजे जनावरापासून आलेलं काही खायचं नाही आणि वापरायचंही नाही. दूध नाही, अंडं नाही, मध नाही, चामड्याची चप्पल नाही, लोकर नाही. आधी दोघीच होत्या, मग नऊ जणांचं मंडळ झालं. शहराबाहेर एक जुना गोठा भाड्यानं घेतला आणि आटलेल्या गाई, नको म्हणून सोडून दिलेली वासरं तिथं सांभाळू लागले.

मी मात्र होतो तसाच राहिलो. दुधाच्या चहाशिवाय माझी सकाळ होत नाही. त्यावरून ही कधी भांडली नाही. उलट माझं दूध तीच आणायची, पिशवी दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी. त्या दुधासाठी वेगळं पातेलं होतं आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला होता. "हे तुमचं पापाचं पातेलं," असं म्हणायची आणि दूध उतू जाऊ नये म्हणून स्वतःच गॅसपाशी उभी राहायची.

मिरची आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली की ते पातेलं बघून म्हणायची, "ताई, जगाची वासरं सोडवायला निघालात आणि घरातला बोका अजून दुधावरच?"

ही म्हणायची, "बोका म्हातारा झालाय गं. आता सवय मोडायला गेले तर तोच मोडायचा."

"मोडू दे की. दुसरा बघू."

"बघ बाई, पण छापखान्यातला नको. कपड्यांवरचे शाईचे डाग निघत नाहीत."

मी तिथंच पेपर वाचत बसलेला असायचो.

डेअरीत वासराला जन्मल्या दिवशीच आईपासून तोडतात. नर असेल तर पुढं त्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. मंडळानं ते विचारायचं ठरवलं. शहराजवळच्या मोठ्या डेअरीच्या गोठ्यांची नगरपालिकेनं तपासणी करावी, असा अर्ज लिहिला आणि दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. तीन हजारांवर सह्या झाल्या.

मग चौकाचौकांत फलक लागले. रिकामा पेला धरून रडणारं पोर आणि खाली मोठ्या अक्षरांत, "यांना तुमच्या बाळाचं दूध तोडायचंय." वर्तमानपत्रात लेख आले की या लोकांना परदेशातून कुणीतरी चढवलंय, यांच्या नादी लागून लोक आजारी पडतायत. मंडळातले सगळे हे वाचून हसले. मिरचीनं एक फाटका फलक आणून शिलाई मशीनखाली अंथरला. म्हणाली, "तेल गळतं, बरं झालं." बाहेरून मारलेल्या दगडांनी मंडळाला ओरखडासुद्धा गेला नाही.

मग टपालानं एक पत्रक आलं. "खोट्या व्हीगनांपासून सावध." खाली सही, "मंडळातलीच एक खरी सभासद." मंडळाची पुढारीण रोज स्वतःच्या हातानं दूध विकत आणते, लाल दोरा बांधलेल्या वेगळ्या पातेल्यात तापवते आणि लोकांना वासरांची गाणी ऐकवते, असं त्यात होतं. आठ दिवसांनी दुसरं आलं. "माथेफिरूंपासून मंडळ वाचवा." त्याखाली "मंडळातले समंजस सभासद." त्यात मिरचीची गोष्ट होती. एका म्हातारीच्या लोकरीच्या कोटाला बटण लावायला तिनं नकार दिला आणि म्हातारीला रडवलं, ही.

पातेलं बघितलेलं होतं फक्त मिरचीनं. आणि कोटाची गोष्ट मिरचीनं सांगितली होती फक्त हिला, तीसुद्धा रडत, स्वतःची चूक म्हणून.

मग विचारायचं काय उरलं? दोघींनी एकमेकींना विचारलंच नाही. मी पत्रक बघायला मागितलं तर ही म्हणाली, "तुम्ही नका वाचू. उगाच तुम्हालाच दुधाचं वाईट वाटेल." आणि तिनं ते कुठंतरी ठेवून दिलं.

मंडळ दुभंगलं. कडक होते ते मिरचीकडे गेले, सबुरीचे हिच्याकडे राहिले. जनावरं तर वाटता येत नव्हती, म्हणून वार वाटले. एक दिवस हिचा, एक दिवस मिरचीचा, आणि शुक्रवार पोस्टमनचा. पोस्टमन म्हणजे मंडळातला एक निवृत्त टपालवाला, जो कुणाच्याच बाजूचा नव्हता. सह्यांचे कागदही अर्धे इकडे, अर्धे तिकडे गेले. दोन्ही अर्धे एकत्र आल्याशिवाय अर्ज देता येत नव्हता.

गोठ्यात एक पाटी टांगलेली होती. आज आलेल्यानं उद्या येणाऱ्यासाठी त्यावर लिहायचं. सुरुवातीला दोघी दोनच शब्द लिहायच्या, पेंड दिली, पाणी भरलं. मग हळूहळू ओळी लांबल्या. ढमी गाईनं आज शेपूट हलवली. पत्रा सुटलाय, डोकं सांभाळून. एकदा ही घरी येऊन म्हणाली, "आज तिनं लिहिलं होतं, कोपऱ्यात उबदार गोणपाट ठेवलंय, बसायला घ्यावं. नाव नाही, गाव नाही." आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसली. निवडून झालेलेच तांदूळ परत निवडत होती.

ही गेल्यावर महिन्याभरानं मी तिचा खण आवरायला काढला. तळाच्या कागदाखाली ते पत्रक सापडलं.

मशीनवाला कागद हातात आला की आधी वाचत नाही. शाई सारखी बसलीय का, ओळ सरळ आहे का, ते बघतो. मीही तेच बघितलं. डाव्या कोपऱ्यात खाली मसुराएवढा फिका ठिपका होता.  तो ठिपका माझा होता.

मशीनमध्ये रबराचं एक कापड असतं, त्याला ब्लँकेट म्हणतात. त्यावरून शाई कागदावर उतरते. त्या वर्षी माझ्या ब्लँकेटखाली दुमडलेला कागद गेला आणि त्याला खळगा पडला. नवीन ब्लँकेट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी जे जे छापलं त्या सगळ्यावर तिथंच तो ठिपका आहे.

दुसऱ्या दिवशी मी नमुन्यांची फाईल काढली. प्रत्येक कामाची एक प्रत आम्ही ठेवतो आणि मागं गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. दोन्ही पत्रकं लागोपाठ लावलेली होती. मागं एकाच जाहिरात कंपनीचं नाव, आणि त्याखाली कंसात डेअरी. खरी सभासद आणि समंजस सभासद, दोन्ही एकाच टेबलावर बसून लिहिलेले.

मी मालकांना दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "अरे, मी काय वाचतो का? आपण छापणारे. आणि छापलंस तर तूच."

"हो. मीच."

पण खरी गोष्ट कळली ती कंपनीचं नाव वाचून. त्या कंपनीचा माणूस डेअरीचं कॅलेंडर छापायला यायचा. पोरगेला, अत्यंत गोड बोलणारा, म्हणून आम्ही त्याला गोड्या म्हणायचो. रंग जुळेपर्यंत माझ्याशेजारी स्टुलावर बसायचा. मशीनवाल्याला कुणी नीट विचारत नाही हो. हा विचारायचा. काका, जेवलात का? काका, घरी कोण कोण? मी सांगितलं. बायको व्हीगन आहे, पण माझ्यासाठी दूध आणते, लाल दोऱ्याचं पातेलं आहे, असं सगळं कौतुकानं सांगितलं. तो इतका हसला की मी आणखी सांगत गेलो. मैत्रीण कशी तिखट आहे, त्या कोटाचं काय झालं, तेही. घरातली माणसं किती गमतीची आहेत हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, दुसरं काही नाही. ही माझ्याशी बोलायची ते सगळं मी त्याच्या ओंजळीत घातलं, आणि पुढच्या महिन्यात त्यानं ते छापायला माझ्याच मशीनवर आणलं.

बुधवारी मिरचीचा वार असतो. मी दोन्ही पत्रकं घेऊन गोठ्यावर गेलो. ती ढमीच्या खुरातला खडा काढत होती. मला बघून म्हणाली, "भावजी, बूट बाहेर. चामड्याचे दिसतायत."

मी बूट काढले आणि अनवाणी आत गेलो. पत्रकं शेजारी शेजारी धरली, ठिपका दाखवला, मागची नावं दाखवली. तिनं दोनदा वाचलं.

"तुम्ही छापलंत?"

"मी छापलं."

"आणि वाचलं नाहीत?"

"तीस वर्षांत एक ओळ वाचली नाही."

ती हसायला लागली. हसता हसता बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि रडू लागली. "चौदा महिने. चौदा महिने मी त्या बाईला पेंड दिली, पाणी भरलं, लिहीत बसले. आणि तिनं काही केलंच नव्हतं?"

"तिलाही तुझ्याबद्दल तेच वाटायचं."

"मग गोणपाटावर बसली कशी?"

"बसली खरी. घरी येऊन सांगितलंसुद्धा."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पाटी खुंटीवर तशीच होती. हिची शेवटची ओळ तिनं पुसली नव्हती. ढमीचा डोळा सुजलाय, थेंब संपले, येताना आणावेत. मिरचीनं आपलं सगळं कडेच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"तुमची यात काही चूक नाही भावजी," ती म्हणाली. "मशीनला काय कळतं काय छापतंय." मग तिची नजर परत पहिल्या पत्रकावर गेली. "पण पातेल्याचं, कोटाचं त्यांना कळलं कसं?"

मी ढमीकडे बघितलं. ती रवंथ करत होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या क्षणी हिला वीस वर्षं ओळखणारं दुसरं माणूस माझ्यासमोर बसलं होतं, आणि तिनं नुकतंच मला भावजी म्हणून माफ केलं होतं. मी म्हटलं, "काय माहीत."

"पोस्टमन," मिरची म्हणाली. "दुसरं कोण? दोन्हीकडे जायचा. तुमच्या स्वयंपाकघरातही आला असेल ना?"

"नसेल गं. साधा माणूस आहे."

"साधेच असतात घरभेदी. आधी त्याला बघते, मग सह्या देऊ."

तिनं त्याला बघितलं. चार लोकांत काय काय बोलली ते मला दुसऱ्याकडून कळलं. पोस्टमन गोठ्याची किल्ली पाटीखाली ठेवून गेला आणि परत आला नाही. जनावरांच्या जखमा बांधाव्यात त्यानंच. आता शुक्रवार मी करतो. मला पट्टी नीट बांधता येत नाही, ढमी लाथ मारते. मंडळातले बाकीचे आता एकमेकांकडे संशयानं बघतात. डेअरीला यासाठी नवीन पत्रक छापावं लागलं नाही.

मी चहा काळा प्यायला लागलोय. कडू लागतो. पातेलं घासून फळीवर उपडं ठेवलंय, दोरा तसाच आहे.

मिरचीला अजून सांगितलेलं नाही. पोस्टमनच्या घरीही गेलेलो नाही. सह्यांचे अर्धे कागद माझ्या कपाटात आहेत आणि अर्धे मिरचीच्या शिलाई मशीनच्या खणात.