नबी मिस्त्रीनं मान डोलावली

मांजरसुंब्याच्या चौकाजवळ नबी मिस्त्रीचं गॅरेज होतं. ट्रक दारात येऊन उभा राहायच्या आधीच तो बसल्या जागेवरून सांगायचा, "नोझल गेलीय याची." ड्रायव्हर खाली उतरून विचारायचा, "मिस्त्री, न बघताच?" तर म्हणायचा, "बघायचं काय त्यात? बोलतंय की ते."

त्याच इंजिनांनी त्याचे कान खाल्ले. एका दिवसात नाही. आधी मशिदीतली अजान लांबून आल्यासारखी वाटायला लागली, मग नातवंडांचं बोलणं विरघळल्यासारखं झालं, मग फोन. साठी उलटून बरीच वर्षं झाली तेव्हा समोरच्या माणसाचे ओठ हलताना दिसायचे आणि कानात नुसती घरघर असायची. पण हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणणार? त्यानं एक सवय लावून घेतली. कुणी काही बोललं की हसायचं आणि मान डोलवायची. बहुतेक वेळा भागून जायचं.

घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. बायको मदिनाबी सुरवातीला ओरडून बोलायची. मग शेजारपाजारचे ऐकतात म्हणून तिनं ओरडणं सोडलं. कामापुरतं हातानं सांगायची: जेवायला या, पाणी आलंय, दार लावा.

बीडला सरकारी शिबिर होतं. म्हाताऱ्या माणसांना काठ्या, चष्मे, चाकाच्या खुर्च्या, कानाच्या मशीन फुकट द्यायच्या होत्या. आधार कार्ड घेऊन जायचं, डॉक्टर तपासणार, आणि मग काही महिन्यांनी वस्तू मिळणार. नबीचा लहानपणापासूनचा दोस्त सुग्रीव धनगर मेंढरं पोराच्या स्वाधीन करून, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून सकाळीच दारात आला.

"चल बे नब्या," तो नबीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. "माझे गुडघे, तुझे कान. दोघांचं एकाच खेपंत व्हतंय."

"मला काय झालंय? तू जा."

"हे बघा, सुग्रीवभाऊ," मदिनाबी दारात येऊन म्हणाली, "न्याच तुमी यान्ला. माझा घसा गेला ओरडून ओरडून."

नबीला ते ऐकू आलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तो चिडला. "खैरातीतली मशीन कानात अडकवून चौकात बसू काय? गिऱ्हाईक पळून जाईल," म्हणाला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला. सुग्रीव एकटाच गेला. पुढं त्याला चांगली चार पायांची काठी मिळाली. ती टेकत तो रोज संध्याकाळी गॅरेजवर यायचा आणि काठी आपटून नबीला खुणेनं म्हणायचा, बघ.

त्याच्या पुढच्या वर्षी मदिनाबीची धाकटी बहीण जिनत वारली. तिचं घर केज तालुक्यात, युसूफ वडगावला. दोन्ही घरांत कितीक वर्षं जाणंयेणं नव्हतं. नबीच्या मुलाच्या, जाकीरच्या लग्नात जिनतच्या नवऱ्याला पहिल्या पंगतीला कुणी बोलावलं नाही, तो उपाशीच उठून गेला, आणि नबीनंही "जाऊ द्या" म्हटलं होतं. तेवढ्यावरून तुटलं. पुढं तो माणूस वारला, भांडण करणारं कुणी उरलं नाही, तरी जायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहिला. मदिनाबीला बातमी कळली ती दफन होऊन गेल्यावर. तिसऱ्या दिवशी सगळे वडगावला जाऊन आले. जिनतचा मुलगा अबरार नबीशी एक शब्द बोलला नाही. नबीला वाटलं, पोराच्या मनात बापाचा अपमान अजून आहे.

त्या दिवसापासून मदिनाबीनं नबीशी हातवारेही कमी केले. ताट वाढायची आणि आत जायची. बहीण गेलीय, दुःख आहे, निवळेल, असं नबी धरून चालला.

मग जाकीरच्या हाताचं झालं. जाकीर इंजिनात हात घालून पट्टा बसवत होता. केबिनमध्ये बसलेल्या बापाला तो ओरडला, "थांबा अब्बा, थांबा!" नबीनं ऐकलं ते "मारा", म्हणजे गाडी चालू करा. त्यानं चावी फिरवली. जाकीरनं हात वेळेवर काढला म्हणून बोटं वाचली, पण मनगटापासून कोपरापर्यंत चामडी सोलून निघाली. दवाखान्यात टाके घालताना जाकीर बापाकडं बघून उगाच हसत होता, काही नाही, काही नाही, असं ओठांनी म्हणत होता. नबीला ते ओठ बघवेनात.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन सुग्रीवच्या वाड्यावर गेला. "पुन्हा शिबिर कधी हाय?" त्यानं विचारलं. सुग्रीव एरवी दोन शिव्या हासडल्याशिवाय राहिला नसता. त्या दिवशी त्यानं नुसतं खांद्यावर हात ठेवला.

पुढचं शिबिर लागलं तेव्हा जाकीर त्याला बीडला घेऊन गेला. मांडवात रांगेनं म्हातारी माणसं बसली होती. एका पोरीनं नबीच्या कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करा असं खुणेनं सांगितलं. नबी बोट वर करायची वाट बघत बसून राहिला. बराच वेळ. पोरगी कागदावर काहीतरी लिहीत होती आणि बोटाची वेळ काही येईना. त्याला रडू येईल असं वाटलं.

काही महिन्यांनी मशीन आली. पहिल्याच दिवशी नबीनं ती कानात घालून चौकात पाऊल टाकलं आणि कर्कश्श हॉर्नांनी त्याचं डोकं भणभणलं. घरी येऊन त्यानं ती डबीत ठेवून दिली ती तशीच. सून यास्मिन कानाशी येऊन म्हणाली, "अब्बा, सवय व्हायला येळ लागतो. घरात घालून बसा, शांतवेळी." नबीनं मान डोलावली.

पण एका दुपारी त्यानं तिचं ऐकलं. जाकीर गॅरेजवर, यास्मिन पोरांना घेऊन माहेरी. नबीनं मशीन कानात बसवली, वरून रुमाल गुंडाळला आणि ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसला. हळूहळू आवाज वेगळे व्हायला लागले. कावळा. कुणीतरी बादली ठेवली. शेरडीचं पाला चावणं. मदिनाबी मेथीची जुडी घेऊन त्याच्या पाठीमागं उंबऱ्यात येऊन बसली. देठ मोडल्याचा बारीक आवाजसुद्धा त्याला आला आणि तो लहान मुलासारखा खूश झाला. वळून सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात ती बोलायला लागली.

"आज नळाला पाणी कमीच व्हतं," ती म्हणाली. "शेजारची मोटर लावती. बोलावं तर भांडान. माझ्या छातीत परवापासून कसनुसं व्हतंय, जाकीरला सांगत न्हाई, त्याचा हात अजून दुखतोय. यास्मिन गेलीय तर घर लई मोठं वाटतंय."

ती कुणाशी बोलतेय, नबीला कळेना. घरात दुसरं कुणी नव्हतं. मग लक्षात आलं. ती त्याच्याशीच बोलत होती. त्याच्या पाठीशी. आणि ज्या सवयीनं बोलत होती त्यावरून ते आजचं नव्हतं, रोजचं होतं. रोज दुपारी तो इथं बसायचा आणि ती मागं बसून मन मोकळं करायची, कारण त्याला ऐकू येत नव्हतं.

वळावं की न वळावं, त्याला ठरवता येईना. तो तसाच बसून राहिला.

"काल जिनत सपनात आलती," मदिनाबी म्हणाली. देठ मोडायचा आवाज थांबला. "बोलत नव्हती. मी म्हणलं, बाई, मला कुणी सांगितलंच न्हाई. तर तोंड फिरवून बसली. काय सांगू तिला? अबरार तुमाला सांगून गेलता, हे मला वडगावला गेल्यावर कळलं. गॅरेजवर येऊन सांगून गेलता, अम्मीचं काय खरं न्हाई, खालाला, म्हंजी मला, एकडाव पाठवा, लई आठवण काढतीय. तुमी मान डोलावली, हो म्हणलात, आन् घरी येऊन जेवून झोपलात. एका पंगतीसाठी. मरणाऱ्या मानसाचा तरी राग सोडावा, जाकीरचे अब्बा."

नबीच्या डोळ्यांसमोर तो दिवस आला. अबरारचा फळांचा टेम्पो बाहेर उभा, तो समोर, मागं एका ट्रकचं इंजिन चालू. अबरार काहीतरी बोलला होता. इतक्या वर्षांनी पोरगा आपण होऊन दारात आला म्हणून नबीला बरं वाटलं होतं. तो हसला होता. हसून मान डोलावली होती. "चहा घे" म्हणाला होता, तर अबरार न घेताच निघून गेला. घाईत असेल, नबीला वाटलं. घरी सांगायचं राहूनच गेलं.

तो वळला. "मदिना," तो म्हणाला, "मला ऐकूच आलं नव्हतं गं."

मेथी तिच्या मांडीवरून खाली सांडली. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग तिची नजर रुमालाकडं गेली.

"कवापासून घातलीय?"

"आजच."

"सांगायचं तरी आधी." तिनं पदर तोंडावर घेतला. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"अल्लाकसम, मला ऐकू आलं नव्हतं. गाडी चालू व्हती. पोरगं आलं म्हनून मी खूश झालतो."

"मग मान कावून डोलावली?"

"सगळ्यांलाच डोलावतो," नबी म्हणाला.

मदिनाबी खाली वाकली. तिनं सांडलेली मेथी एकेक करून उचलली. मग म्हणाली, "सुग्रीवभाऊ बोलवायला आलते तुमाला. तवाच गेला असता तर." एवढं म्हणून ती उठली. मेथी घेऊन आत गेली आणि दाराला आतून कडी घातली.

आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग एका सकाळी नबीनं स्वच्छ कपडे घातले आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "वडगावला जायचं," म्हणाला. "अबरारला मला सांगायचंय." मदिनाबीनं चूल विझवली आणि बुरखा चढवला. नेकनूरच्या पुढं एसटीची खिडकी खडखडत होती, ती त्याला स्पष्ट ऐकू येत होती. मदिनाबी बाहेर बघत होती.

अबरार नुकताच बाजारातून आला होता, ओसरीवर संत्री निवडत होता. खालूला, मावशीच्या नवऱ्याला, बघून तो उठला नाही. नबी त्याच्यासमोर खालीच बसला. रुमाल सोडून त्यानं कान दाखवला.

"बेटा, त्या दिवशी तू काय म्हणलास ते मला कळलंच न्हाई. मी बहिरा झालतो, आन् कुनाला सांगत नव्हतो. लाज वाटायची."

अबरारच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

"तुमी हसलात, खालू," तो म्हणाला. "मी म्हणलं अम्मी मरायला टेकलीय, आन् तुमी हसलात. मी रस्ताभर शिव्या देत आलो तुमाला."

"दे. अजून दे."

अबरारनं मान खाली घातली. "दोन दिवसांनी मी पुन्हा बीडला गेलतो. तुमच्या गॅरेजवरूनच टेम्पो नेला. अम्मी म्हणाली व्हती, खालाच्या घरी जाऊन ये, तिला सोबत घेऊनच ये. मी थांबलो न्हाई. राग व्हता. घर चौकापासून हाकेवर हाय, मला म्हाईत व्हतं." त्यानं हातातलं संत्रं खाली ठेवलं. "अम्मीला मी सांगितलं, घराला कुलूप व्हतं."

आतल्या खोलीच्या दारात उभी असलेली मदिनाबी तिथंच भिंतीला धरून खाली बसली. अबरारची बायको पाणी घेऊन आली. मदिनाबीनं ते घेतलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग काय म्हणाली ती? कुलूप व्हतं म्हणल्यावर?"

"म्हणाली, असंल. कामाचं घर हाय तिचं."

अबरार नबीला कब्रस्तानात घेऊन गेला. नबीनं फातेहा वाचली. स्वतःचा पुटपुटता आवाज त्याला मशीनमधून परक्या माणसासारखा ऐकू आला. बाया आत येत नाहीत, म्हणून मदिनाबी कंपाउंडच्या बाहेर लिंबाखाली थांबली. तो आला तेव्हा तिनं विचारलं, "सावली हाय का तिथं?" तो म्हणाला, "हाय. लिंबाचीच." खरं तर तिथं ऊन होतं.

त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं. अबरार बीडला जाताना टेम्पो थांबवतो, चहा घेतो, खालाला फळं देतो. जाकीरनं आईला दवाखान्यात नेऊन छाती तपासून आणली. नबी आता मशीन रोज घालतो. गॅरेजवर कुणी काही म्हणालं आणि कळलं नाही तर सरळ म्हणतो, "पुन्हा सांग, ऐकू आलं न्हाई." एकही गिऱ्हाईक पळालं नाही.

पण दुपारी मदिनाबी उंबऱ्यात येऊन बसेनाशी झाली. विचारलं तर उत्तर देते, चांगलं देते. आपण होऊन बोलत नाही. ज्या वेळेला ती मागं बसून सगळं सांगायची, त्या वेळेला आता आतून नुसता भांड्यांचा आवाज येतो, आणि नबीला तो नीट ऐकू येतो.

परवा ती शेंगा फोडत बसली होती. नबीनं तिला दिसेल असं मशीन कानातून काढली, ओट्यावर ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसला. जग पुन्हा घरघरीत बुडालं. तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्याला भास झाला, ती काहीतरी बोलली. राहवलं नाही. घाईघाईनं मशीन कानात बसवून तो वळला.

"काय म्हणालीस?"

मदिनाबीनं वर बघितलं. "काही न्हाई म्हणलं," ती म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली.