दर्याला विचारलेली ओळ

सूर्य उतरणीला लागला होता. कॅरिबियन दर्यावर केशर सांडलं होतं, ताम्रवर्ण लाटा काळ्या खडकांवर फुटत होत्या, आणि सांतो दोमिंगोच्या त्या सागरतीरी सणाची गर्दी दाटली होती. सारे सेव्हेरिनो बाल्बुएनाची वाट पाहत होते.

उसाच्या मळ्यात जन्मलेला हा गळा! तोडकऱ्यांच्या झोपड्यांतून तो नाचघरांत गेला, नाचघरांतून न्यूयॉर्कच्या झगमगाटात गेला. मेरेंगे गायला, साल्सा गायला. मधुघन, मद्यगंधी, मेघगंभीर गायला. पण लोक भाळले ते त्याच्या उत्तरांवर. या गाण्याची रीतच तशी. मागचे साथीदार एकच ओळ घोळवत राहणार, आणि गायकाने दर फेरीला तिथल्या तिथे नवी ओळ रचून तिला उत्तर द्यायचं. तीच ओळ पुन्हा गायली, की गायक संपला.

आणि सेव्हेरिनोला ठाऊक होतं, आपल्या स्मरणाला वाळवी लागली आहे. कालची नावं आज हरवत होती. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मागे साथ करणाऱ्या आपल्या लेकीला, मिलाग्रोसलाही नाही. त्याला भीती वाटत होती, उघडी, लाजिरवाणी भीती.

तांबोरा ढोल घुमला. ट्रम्पेट झळाळले. साथीदारांनी ओळ उचलली: ‘सांग दर्या, कुठे गेली ती?’

‘मिठाच्या वाटेनं गेली,’ तो गायला, आणि किनारा थरारला. ‘केसांतलं फूल विसरून गेली.’ टाळ्यांचा कडकडाट. पुन्हा ओळ आली. त्याने डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि गायला: ‘मिठाच्या वाटेनं गेली.’

टाळ्या विरल्या. कुणीतरी खुदकन हसलं. ढोलावरचा हात अडखळला, सावरला. त्याला कळलंच नाही. मग मिलाग्रोसचा चेहरा दिसला, आणि उमगलं: तीच ओळ.

ओळ पुन्हा आली. पुन्हा आली. आणि त्याच्या आत सगळं रितं, अथांग, मुकं.

मिलाग्रोस पुढे आली, त्याच्या कानाशी वाकली. “पापा, दम घ्या जरा. तुमची जागा मी धरून ठेवते.” आणि तिने उत्तर गायलं, कोवळं, कच्चं, पण नवंकोरं.

सेव्हेरिनोने माइक तिच्या हाती दिला. जागा नुसती धरून ठेवायची नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. तो मागे सरला आणि साथीदारांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, जिथे उभ्या जन्मात कधी उभा राहिला नव्हता. इथे आठवायचं काहीच नव्हतं. एकच ओळ.

मग काळवंडत्या पाण्याकडे तोंड करून, जन्मभर उत्तरं दिलेला तो म्हातारा विचारू लागला: सांग दर्या, कुठे गेली ती? सांग दर्या, कुठे गेली? कुठे गेली...