गळ्यातला देव

साखरपुड्यानंतरची पहिली सकाळ धनश्रीला फार आवडली, निदान पूजेला बसेपर्यंत तरी. जाग आल्याबरोबर तिनं बोटातली अंगठी चाचपली. ती जागेवर होती. मग फोन उघडला. त्यात 'मेडिकल'चा मेसेज होता, झोप लागली का म्हणून. मेडिकल म्हणजे राजेश्वर. त्याचं पोखर्णीला औषधांचं दुकान, म्हणून लग्न ठरल्यापासून तिनं त्याचा नंबर त्या नावानं ठेवला होता. परभणीच्या कृषी विद्यापीठात ती बियाणं तपासायच्या कामावर होती, तिथल्या मैत्रिणींनी चिडवू नये एवढाच हेतू. मैत्रिणी पहिल्याच दिवशी समजून चुकल्या. फसली ती एकटी मालनआत्या. ही धनश्रीच्या वडिलांची थोरली बहीण, कार्यासाठी आलेली आणि परत जायचं नाव न काढणारी. फोनवर 'मेडिकल' दिसलं की ती काळजीनं विचारायची, घरात कोण आजारी आहे.

मालनआत्याला शकुन-अपशकुनाची भारी आवड. मांजर आडवं गेलेलं तिला घरात बसून कळायचं. साखरपुड्याच्या पंगतीतच तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं होतं की लग्नाआधी पोरीनं सासरचा उंबरा ओलांडू नये, ओलांडला की त्या घरात तिची किंमत राहत नाही. धनश्री तेव्हा हसली होती. तिला कुठं जायचं होतं पोखर्णीला?

तिच्या आनंदाला गालबोट एकच होतं. होणाऱ्या सासूबाई, उमादेवी, काल दिवसभरात तिच्याबद्दल एकच वाक्य बोलल्या होत्या. तिचा हात हातात घेऊन, उलटा-पालटा करून बघून म्हणाल्या, "पोरीची बोटं लांब हायत." बस्स, पुढं काही नाही. आता लांब बोटं चांगली की वाईट? धनश्रीनं अंथरुणात पडल्यापडल्या या प्रश्नाचा कीस पाडला. लांब बोटांच्या बाईला भाकरी थापता येत नाही, असं काही असतं का? की ती खर्चिक निघते? राजेश्वरला विचारलं तर तो म्हणाला, आई कमीच बोलते. हे काय उत्तर झालं?

उमादेवींचा धाक वाटावा असंच त्यांचं नाव होतं. लग्न होऊन पोखर्णीला आल्यापासून इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तापात नाही, बाळंतपणात नाही. धनश्रीचं घरही लिंगायतच. या घरांतला देव देवघरात बसून राहत नाही, माणसाच्या गळ्यात असतो. लहानपणी स्वामी येऊन लिंग बांधतात आणि मग ते शेवटपर्यंत सोबत करतं. रोज आंघोळ झाली की ते चांदीच्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि मगच चहाला तोंड लावायचं. ज्याचं लिंग त्यानंच हाताळायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही.

त्या सकाळी धनश्रीनं डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं. शाळेत असताना तिच्या हातून ते एकदा न्हाणीत पडलं होतं आणि वरच्या काळ्या लेपाचा कपचा उडाला होता. पूजा करताना तिचा अंगठा आपोआप त्या खळगीत जाऊन बसायचा. आज अंगठा फिरत राहिला, खळगी सापडेना. हे गुळगुळीत होतं, आणि जरा जड. डबी तिची होती, आत देव दुसऱ्याचा होता.

मग तिला कालचा फोटोवाला आठवला आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पोखर्णीची मंडळी भल्या सकाळी निघाल्यामुळं उमादेवींची पूजा राहिली होती, मेंदीमुळं धनश्रीचीही राहिली होती, म्हणून दोघी शेजारीशेजारी पूजेला बसल्या. फोटोवाल्याला तो प्रसंग सोन्यासारखा वाटला. सासू-सुनेचा एक फोटो हात जोडून पाहिजे म्हणाला. हातात लिंग असताना हात जोडणार कसे? एक मिनिटच ठेवा म्हणाला. आणि ज्या बाईनं तापातसुद्धा नेम मोडला नाही तिनं, आणि तिच्यासमोर आपण उद्धट दिसू नये म्हणून हिनं, दोघींनी आपापलं लिंग पुढच्या तामणात ठेवलं. फोटो निघाला. दोघींनी घाईत उचलून आपापल्या डबीत घातलं. दोन्ही काळी, दोन्ही ओली, दोन्हीवर बेलाचं पान.

फोटो छान आला होता. राजेश्वरनं तो स्टेटसला ठेवला होता.

धनश्रीच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. तिकडं उमादेवींनीही डबी उघडली असणार. त्यांना कळलं असणार. सून घरात यायच्या आधीच तिच्यापायी नेम मोडला, हे त्या आयुष्यात विसरणार नाहीत. आणि मालनआत्याला सुगावा लागला तर अपशकुन म्हणून ती संध्याकाळच्या आत साऱ्या पाहुण्यांना फोन लावेल. मोडलेल्या सोयरिकी धनश्रीनं पाहिल्या होत्या. त्या याच्यापेक्षा लहान गोष्टींवर मोडल्या होत्या. तिला राजेश्वर मनापासून आवडला होता, आणि हे आजवर तिनं कुणाला, त्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं.

तिनं चहा नको म्हटलं आणि गच्चीवर जाऊन 'मेडिकल'ला फोन लावला. सहज केल्यासारखं करून आईंची तब्येत विचारली.

"आईचा आज उपास हाय म्हनं," राजेश्वर म्हणाला. "सोमवार न्हाई, शिवरात्र न्हाई. कुठला उपास म्हनलं तर म्हनायलीय, माझा हाय. पानीसुद्धा घेईना. सगळे जेव जेव करायलेत म्हनून वैतागून गावाच्या अलीकडच्या, रस्त्याकडच्या शेतात लिंबाखाली जाऊन बसली."

धनश्रीनं बरं बरं म्हणून फोन ठेवला. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळून त्या उपाशी बसल्या होत्या आणि घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. का बोलल्या नव्हत्या? राग पोटात ठेवणारी माणसं तिला फार भीतीदायक वाटायची. पण रागापेक्षाही पाणी न घेता बसलेल्या त्या बाईचं तोंड तिला दिसत राहिलं.

तिनं आईला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. आईनं एकदा डोळे मिटले, एकदा उघडले आणि विचार सुरू केला. वडील, सांबप्पा, आपल्या दुकानाच्या मालासाठी पहाटेच्या गाडीनं नांदेडला गेलेले. दुसऱ्या कुणाच्या हाती देव पाठवता येत नाही. जायचं तर धनश्रीनंच जायला हवं, आणि पोखर्णीचा उंबरा तर बंद. धनश्री म्हणाली, त्या शेतात आहेत, शेताला कुठला उंबरा? आईला हे पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं धपाट्यांचा डबा भरला, बेलाची पानं, भस्म आणि तांब्या पिशवीत टाकला आणि बाहेर जाऊन नणंदेला सांगितलं की पोरगी ब्लाऊजच्या मापाला निघालीय. मालनआत्या म्हणाली, मापाला जाताना तांब्या कशाला? आई म्हणाली, शिंपिणीचाच आहे, परत करायचाय. आयुष्यात खोटं न बोललेली बाई ऐनवेळी इतकं चांगलं बोलली की धनश्रीला स्कूटी चालू करताना हसू आवरेना.

ते हसू पोखर्णीच्या रस्त्याला लागेपर्यंत टिकलं नाही. हिवाळ्याचं ऊन चांगलं तापलं होतं. दोन्ही बाजूंनी तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, मध्येमध्ये कापूस पांढरा झाला होता. एरवी या रस्त्यावरून जाताना ती हे सगळं हौसेनं बघत गेली असती, आपल्या सासरचा रस्ता म्हणून. आज तिचा एक हात सारखा गळ्याकडं जात होता. ओढणीखाली ती उमादेवींचा देव घेऊन चालली होती आणि त्याला धक्का लागू नये म्हणून प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवत होती. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वैतागले.

आणखी एक भीती होतीच. त्यांना हाक काय मारायची हेच ठरलं नव्हतं. काल ती 'अहो' आणि 'हे बघा ना' यांवर निभावून नेत होती. शेताच्या बांधावर लिंबाखाली पाठमोऱ्या बसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या उमादेवी दिसल्या तेव्हा धनश्रीनं गाडी लावली, तुरीच्या कडेनं चालत गेली आणि घशातून जे निघालं ते निघालं. "आई," ती म्हणाली.

उमादेवी दचकून उठल्या. तिच्याकडं, मग तिच्या गळ्याकडं पाहिलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. धनश्री मनात तयार करून आणलेली सगळी वाक्यं विसरली आणि नुसतीच रडायला लागली. रडता रडता म्हणाली की चुकलं माझं, मी बघून उचलायला पाहिजे होतं.

"तुजं कशानं?" उमादेवी म्हणाल्या. "जवळचं उचललं ते म्या. तू मागून उचललंस. सकाळी डबी उघडली अन् तवा कळलं बघ. म्हनलं, आता ही पोरगी म्हननार, म्हातारीला सोताचा देव कळंना, असल्या घरात कशाला जाऊ."

धनश्रीचं रडणं तिथंच थांबलं. हे असं काही तिच्या यादीत नव्हतंच. तिनं विचारलं, मग फोन का केला नाहीत. उमादेवींनी सांगितलं ते असं, की फोन करायचा तर पोराला सांगावं लागलं असतं. पोराला कळलं की घराला कळतं, घराला कळलं की गावाला, आणि गाव नाव ठेवताना सासूला ठेवत नाही, नव्या पोरीला ठेवतं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की आजचा दिवस उपासाचं सोंग करायचं आणि उद्या साड्या बघायच्या निमित्तानं परभणीला यायचं. तोवर कळ काढायची.

"तू खाल्लीस का काई?" त्यांनी विचारलं. धनश्रीनं मान हलवली. "पानी?" तिनं पुन्हा मान हलवली. उमादेवींनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

बोअरच्या पाइपावर दोघींनी हातपाय धुतले, तांब्या भरला आणि लिंबाखाली समोरासमोर बसल्या. आपापली डबी उघडून दोघींनी देव तांब्याशेजारी बेलाच्या पानांवर ठेवले, आणि या खेपेला नीट बघून उचलले. धनश्रीचा अंगठा खळगीत जाऊन बसला. घरी आल्यासारखं वाटलं तिला. तिनं पाणी घातलं, भस्म लावलं, आणि मग तिचं लक्ष समोरच्या हाताकडं गेलं.

उमादेवींची बोटं आखूड, सांध्यांशी सुजलेली होती. तळहात वाटीसारखा मिटत नव्हता. देव तळहातावर डुगडुगत होता आणि त्यांनी उजवा हात खालून आधाराला लावला होता. पाणी घालायला मग हातच उरत नव्हता.

"वळत न्हाईत आता," त्या हळूच म्हणाल्या. "दोन सालं झाली. रोज भ्या वाटतंय, हातातून देव पडंल. घरात कुनाला बोलले न्हाई, पूजा सोड म्हनतील म्हनून. काल तुजा हात बघितला. देव कसा निवांत बसला व्हता. म्हनून म्हनलं, पोरीची बोटं लांब हायत."

धनश्रीनं आपली पूजा आटोपली, देव डबीत ठेवून गळ्यात घातला, मग पुढं सरकून आपला डावा हात त्यांच्या तळहाताखाली धरला आणि त्यांची बोटं आपल्या बोटांनी वर आणली. देवाला तिचा हात लागला नाही, लागायची गरजही नव्हती. उमादेवींनी उजव्या हातानं पाणी घातलं. बराच वेळ घालत राहिल्या.

डबा उघडून दोघी धपाट्यांवर अशा तुटून पडल्या की लसणाची चटणी आईनं जास्त दिली होती तीही पुरली नाही. उमादेवींनी मध्येच सांगितलं की घरी चल म्हणणार नाही, तुझ्या आत्यानं पंगतीत सांगितलंय ते मी ऐकलंय. पण लग्नानंतर सकाळच्या पूजेला माझ्याजवळ बसत जा. धनश्री हो म्हणाली. एवढं सोपं हो तिनं साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

फोन वाजला. डब्याच्या झाकणाशेजारीच तो पडला होता आणि उमादेवींनी वाकून नाव वाचलं.

"मेडिकल? कोन आजारी हाय गं?"

धनश्रीचे कान लाल झाले. "कुणी नाही," ती म्हणाली. "तुमचा मुलगा आहे."

उमादेवींना ते ध्यानात यायला एक क्षण लागला. मग त्या हसल्या, तोंडात घास असल्यामुळं त्यांना ठसका लागला, धनश्रीनं तांब्या पुढं केला आणि त्यांनी सकाळपासून राहिलेलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"उचल," पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "अन् सांग त्याला, आईचा उपास सुटला म्हनून."