होडीचे रंग

सुर्वे सर आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचे विभागप्रमुख आहेत. प्रोग्राममधलं त्यांना एकच कळतं, तो दिसतो कसा. तो चालतो का, हे विचारायची गरज त्यांना इतक्या वर्षांत कधी पडलेली नाही.

मी आम्रपाली कांबळे, शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट म्हणून मी एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा केली, मराठी शब्दांची. तिचं नाव होडी. जर, नाहीतर, जोवर, दाखव असे थोडेच शब्द तिला समजतात, पण तेवढ्यात ती हिशेब करते, हजेरी लावते, सांगाल ते लिहून दाखवते. बाकी वर्गाने लायब्ररी मॅनेजमेंट केलं. दरवर्षी करतात. त्या सगळ्या लायब्ऱ्यांतून आजवर कोणी एक पुस्तकही नेलेलं नाही.

कॉलेजातून एकच प्रोजेक्ट पुण्याच्या राज्य प्रदर्शनाला जातो. तिथे कंपन्यांची माणसं येतात आणि काम आवडलं तर तिथल्या तिथे नोकरीचं विचारतात. रत्नागिरीत कोण येतंय विचारायला? बाबा जयगडच्या बंदरात ट्रक चालवतात आणि मला तिथल्याच एखाद्या ऑफिसात चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. मला ते नको होतं. मला पुण्याला जायचं होतं.

सरांनी होडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ती साध्या काळ्या अक्षरांत लिहिली होती. त्यांनी नाक मुरडलं.

"हे काय गं, वाण्याची यादी? रंग कुठायत? विश्वस्त बघायला येणार आहेत."

प्रोग्राम ज्यात लिहितात त्या एडिटरला आपली भाषा ओळखीची नसली की तो सगळं एकाच रंगात दाखवतो. त्याला एक फाइल करून द्यावी लागते, की हे शब्द भाषेचे, अवतरणचिन्हांत आहे तो नुसता मजकूर, ही टीप. मग रंग तो आपला आपण देतो. पहिल्याच दिवशी 'हजर'मधला 'जर' तेवढा रंगला आणि 'ह' बिचारा काळा राहिला. देवनागरी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्याला पढवताना मी रडकुंडीला आले. पण जमलं. एखादं अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं की पुढचं सगळं लाल व्हायचं आणि चूक लगेच सापडायची. सरांच्या हट्टापायी का होईना, कामाची गोष्ट झाली, हे मी मान्य करते.

भाषेचे शब्द निळे आले होते. मी निवडले नव्हते. त्या एडिटरचा तो ठरलेलाच रंग आहे, कोणाच्याही पडद्यावर तसाच येतो.

सरांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"निळा कोणी निवडला?"

"एडिटरने, सर."

त्यांनी केबिनचं दार लोटलं आणि आवाज मऊ केला. या माणसाचा आवाज मऊ झाला की सावध व्हावं.

"बघ, मी तसला नाही. माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत. पण चार लोक बघणार. सगळीकडे निळंच निळं दिसलं की म्हणतील, इथेही आणलंच ह्यांनी."

"काय आणलं, सर?"

"तुला कळतंय."

मला कळत होतं. चौदा एप्रिलला आमच्या वाडीत लागतो तो निळा. मी एडिटरला शिकवत होते अवतरणचिन्हं आणि हे वाचत होते माझं आडनाव. डोक्यात अशी तिडीक गेली! तरी मी नीट सांगितलं, की हे मुद्दाम केलेलं नाही. सर हसले. खोटं पकडल्यावर मास्तर हसतात तसं.

मग हा प्रश्न स्टाफरूममध्ये गेला. एवढे शिकलेले लोक चहाचे कप घेऊन बसले आणि 'जर' कुठल्या रंगाचा असावा यावर बोलू लागले. एक जण म्हणाले, भगवा. दुसरे म्हणाले, मग उद्या आपल्याला राजकारणी म्हणतील. टिपा हिरव्या होत्या, त्यावर एक मॅडम नुसत्याच "अगंबाई" म्हणाल्या. होडी चालते कशी, तिच्या पोटात काय आहे, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी सरांनीच तोडगा काढला. तिरंगा! भाषेचे शब्द केशरी, मजकूर पांढरा, टिपा हिरव्या. आकडे निळे ठेवायला त्यांनी परवानगी दिली. चक्रापुरता निळा चालेल म्हणाले.

"सर, पडदा पांढरा आहे. पांढऱ्यावर पांढरा मजकूर दिसायचा नाही. मागचा पडदा काळा करू का?"

"शुभ कार्याला काळा? आणि प्रत्येक गोष्टीत वाद घालू नकोस, आम्रपाली. पुण्याला जायचंय ना?"

जायचं होतं. म्हणून मी तोंड मिटलं आणि सांगतील ते केलं. याची मला अजून चीड येते.

दर्शन शेट्ये माझ्या शेजारच्या मशीनवर बसतो. त्याने डोकावून पाहिलं.

"गो, पांढऱ्यावर पांढरं? सरांना कळत नाय काय?"

"तू सांग ना मग त्यांना."

"मी कशाला? माझी लायब्ररी त्यांना आवडलीय."

विश्वस्त महिपतराव आले, नारळ आणि शाल झाली. सरांनी होडीवर भाषण केलं, त्यातलं निम्मं रंगांवर होतं. मग ते म्हणाले, "साहेबांनी स्वतः एक ओळ लिहावी." महिपतरावांनी एका बोटाने 'दाखव' लिहिलं. छान केशरी उमटलं. मग मी सांगितल्याप्रमाणे अवतरणचिन्ह देऊन ते आपलं नाव लिहायला लागले. लिहितायत, लिहितायत आणि पडद्यावर काहीच नाही. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा लिहिलं.

"माझं नाव नाही घेत तुमची भाषा?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण जीभ शाबूत होती.

"मुलीची चूक आहे, साहेब. ह्या मुलांना कितीही सांगा."

ह्या मुलांना! मी पुढे झाले. सगळ्यांसमोर तिरंग्याची सेटिंग काढून टाकली आणि एडिटरचे मूळचे रंग परत आणले. 'दाखव' निळा झाला आणि त्याच्यापुढे महिपतरावांचं नाव लाल अक्षरांत आलं, तेही दोनदा लिहिलेलं. मग मी शेवटचं अवतरणचिन्ह मिटलं आणि प्रोग्राम चालवला. खालच्या चौकटीत होडीने त्यांचं नाव बिनचूक दाखवलं, दोनदा.

"वा! आता कसं स्वच्छ दिसतंय," महिपतराव म्हणाले. "सुर्वे, हिलाच पाठवा पुण्याला."

त्या भल्या माणसाला निळा दिसला तो निळाच दिसला. चार लोक काय म्हणतील ते चार लोक आलेच नव्हते, ते सरांच्या डोक्यातच बसलेले होते.

महिपतरावांची मोटार गेली आणि सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज पुन्हा मऊ.

"पाठवतो तुला. फक्त तेवढा निळा काढ. जांभळा कर. जांभळ्याला कोणी वाली नाही."

मिनिटाचं काम होतं. फाइलमधला एक शब्द बदलला की पुणं. मला बाबांचा ट्रक आठवला, बंदरातलं ते ऑफिस आठवलं.

"नाही काढणार, सर."

"म्हणजे मुद्दामच होतं तुझं."

"तेव्हा नव्हतं. आता आहे."

सरांनी दार उघडं करून दिलं. महिपतरावांना त्यांनी काय कळवलं कोण जाणे. पुण्याला दर्शन गेला.

तिथून त्याने वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकला. स्टॉलवर तो, मागे त्याच्या लायब्ररीचा मोठा पडदा. मथळा निळा, बटणं निळी, चौकटींच्या कडासुद्धा निळ्या. खाली सुर्वे सरांनी लिहिलं होतं, "काय प्रसन्न दिसतंय!"