काझीसाहेबांचं पेन आणि अटींचा रकाना

ऐकू येतंय ना? काझीसाहेबांच्या खिशातून बोलतोय मी, त्यांचं शाईचं पेन. अंगाने जाडजूड, स्वभावाने गळका. साहेबांचे तीन कुर्ते मीच बाद केलेत, तरी त्यांनी मला कधी टाकलं नाही.

माझं काम निकाहनामे भरायचं. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, साक्षीदार. शेवटी एक रकाना यायचा, 'वधूच्या अटी'. तिथे साहेब कुणालाही न विचारता माझ्याकडून एक तिरकी रेघ ओढून घ्यायचे. खरं सांगू? मलाही तो रकाना फार आवडायचा. एका फटक्यात काम खलास!

एकदा मात्र माझं टोक तिथे टेकलं, तोच नवरीचा हात आडवा आला.

"थांबा, काझीसाहेब. हा रकाना माझा आहे ना?"

ही नवरी बायकांना गाडी चालवायला शिकवायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिच्या मामांना तर घामच फुटला. "अगं, शुभकार्यात अटी कसल्या?"

"मामा, गाडीत बसल्यावर आधी ब्रेक तपासायचा. अपघात व्हावा म्हणून कुणी तपासतं का?"

काझीसाहेबांनी चष्मा सारखा केला. "शरियतने दिलेला हक्क आहे तिचा. बोल, बेटा."

ती बोलली, मी लिहिलं : 'वधू गाडी शिकवण्याचं काम चालू ठेवेल. नवऱ्याने अडवल्यास स्वतः तलाक घेण्याचा अधिकार तिला राहील.'

"लिहा की! मी कशाला अडवतोय?" नवरदेव हसला आणि त्याने झोकात सही ठोकली.

दीड वर्षाने दोघं साहेबांच्या खोलीत हजर! चहाच्या दुकानात कुणीतरी त्याला 'ड्रायव्हरणीचा नवरा' म्हणालं होतं. गडी असा चिडला, की गाडीची किल्लीच खिशात घालून बसला. आठ दिवस शिकणाऱ्या बायका दारातून परत जात होत्या.

"बायको आहे माझी," तो म्हणाला. "मी म्हणेन तसं तिने वागायचं. धर्म हेच सांगतो ना?"

"दिलेला शब्द पाळायलाही धर्मच सांगतो!" काझीसाहेबांनी निकाहनामा पुढे सरकवला. "सही कुणाची?"

"माझीच."

"मग किल्ली दे. नाहीतर तिने मागितलेला तलाक मी आत्ता नोंदवतो."

त्यांनी माझं टोपण काढलं. मास्तरीणबाईचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. माझी तर शाईच गोठली! गड्याचा जीव होता तिच्यावर. त्याने हळूच किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "चुकलं माझं."

"उद्या सकाळी सातला गाडीत बसायचं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्हाला तरी कुठे चालवता येते?"

ही बातमी घरोघरी पोचली. साहेबांच्या घरीही. त्यांच्या बेगमनी चाळीस वर्षांपूर्वीचा आपला निकाहनामा काढून त्यांच्यापुढे आपटला.

"मला कुणी विचारलं होतं का हो?"

साहेबांनी कोरा कागद घेतला. बेगमनी सांगितलं, 'दरवर्षी महिनाभर बहिणीकडे राहीन, आणि तिथे फोन करून मीठ कुठे ठेवलंय ते विचारायचं नाही.' साहेबांनी मुकाट्याने सही केली.

आता प्रत्येक नवरीला ते आधी विचारतात. काही जणी लाजतात, काही जणी दोन-दोन कागद भरतात. माझं टोक झिजलंय, अक्षर जरा वाकडं येतं. पण पोरींनो, तुम्ही सावकाश बोला. मी लिहून घेतो.