मातीच्या सरांची तालीम

“साम्राज्यं तलवारीनं पडत नाहीत, कार्यशाळांनी पडतात,” असा सिद्धांत मातीच्या सरांनी सोमवारी सकाळी मांडला. त्या वेळी त्यांच्या एका पायात मोजा होता आणि दुसरा सापडत नव्हता.

“पलंगाखाली बघा,” बायको म्हणाली. “आणि कुणाचं साम्राज्य पडतंय?”

“माझं.”

साम्राज्य म्हणजे पहिल्या वर्षाचा मृदाशास्त्राचा तास. विद्यापीठात तो ते सव्वीस वर्षं घेत होते, म्हणूनच ते मातीचे सर. येत्या सत्रापासून तो तास इंग्रजीत घ्यायचा होता आणि त्यासाठी प्राध्यापकांची तालीम सुरू झाली होती. एकेकाने दहा मिनिटं इंग्रजीत शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन बाकांवर बसायचं, आणि शेवटच्या बाकावरून प्रशिक्षक मॅडमनी चुका टिपायच्या. कोण तयार आहे नि कोण नाही, ते मॅडम शुक्रवारी विभागप्रमुखांना कळवणार. जो तयार नाही, त्याचा तास दुसऱ्याकडे. हा सगळा घाट आपल्या एकट्यासाठी घातला आहे, याबद्दल सरांना तिळमात्र शंका नव्हती.

सोमवारी रसायनाच्या बाई उभ्या राहिल्या. प्राध्यापकांना विद्यार्थी व्हायला सांगितलं की ते जन्मभराचा सूड उगवून घेतात. एकाने डुलकी काढली, एकाने ‘हे परीक्षेला आहे का’ म्हणून विचारलं. गणिताचे सर प्रश्न विचारायला उठले आणि स्वतःच उत्तर देऊन बसले. शेवटी मॅडमनी बाईंना अकरा चुका दाखवल्या.

अकरा! सरांनी जागच्या जागी धोरण ठरवलं. मंगळवारी त्यांनी तोंड फळ्याकडे केलं आणि अख्खं व्याख्यान आपल्या शर्टाच्या कॉलरला सांगितलं. चूक कुणाच्या कानावरच गेली नाही, तर टिपणार काय, कपाळ?

मॅडम म्हणाल्या, “छान.” बस्स. एकही चूक नाही.

दुसरा कुणी पेढे वाटत सुटला असता. सर घरी पोचले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“चुका नाहीत म्हणजे चांगलंच की,” बायको म्हणाली.

“अगं, माझ्या इंग्रजीत चुका नाहीत? तूच सांग.”

नवऱ्याचं मन राखावं की खरं बोलावं, असा पेच तिला क्षणभरही पडला नाही. “छे! भरपूर असतात.”

“मग? डॉक्टरनं पथ्य सांगायचं बंद केलं तर घरच्यांनी काय समजायचं?”

“पेशंट बरा झाला म्हणून.”

“तुला राजकारण कळत नाही.”

बुधवारी त्यांनी आवाज आणखी उतरवला. पुन्हा “छान.” गुरुवारी तर कहर झाला. मॅडम आणि विभागप्रमुख व्हरांड्यात हळू आवाजात काहीतरी बोलत होते. सर दिसताच गप्प झाले आणि दोघांनी एकदम नमस्कार केला. निर्दोष माणसं एकदम नमस्कार करत नाहीत.

शुक्रवारी सर तासभर आधीच तालमीच्या खोलीत गेले. मॅडम एकट्याच होत्या.

“मॅडम, माझा तास काढायचं ठरलंच असेल तर तोंडावर सांगा. दोन दिवसांत माझी एक चूक काढली नाहीत!”

मॅडम कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. “सर, खरं सांगू? मला तुमचं काही ऐकूच आलं नाही. मंगळवारी वाटलं, माझेच कान गेले. बुधवारी पुढच्या बाकावर विचारलं, तर त्यांनाही नाही. तुम्ही इतके ज्येष्ठ, सांगायचं कसं? काल प्रमुखांना म्हटलं तुम्ही सांगा, तर ते म्हणाले, माझी छाती नाही. आता आज मी लिहू काय?”

सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, रिकाम्या बाकांकडे तोंड केलं, आणि पाणी मातीत कसं मुरतं ते इंग्रजीत असं काही सांगायला लागले, की खिडक्यांची तावदानं थरथरली. क्रियापदं कर्त्याला न विचारता कुठेही हिंडत होती. काळ तर तिन्ही एकाच वाक्यात नांदत होते. मॅडमचं पेन धावत होतं.

“एकोणीस!” त्या हर्षभराने ओरडल्या. “एकोणीस चुका आहेत सर, पण पाणी मुरलं! मला सगळं कळलं!” आणि सरांच्या देखत त्यांनी कागदावर लिहिलं: तयार.

तेवढ्यात दार उघडलं. दारात विभागप्रमुख, चेहरा गंभीर. सरांनी खुर्चीवरचा कोट उचलून छातीशी धरला.

“सर,” प्रमुख चाचरत म्हणाले, “शेजारी नापास मुलांचा फेरपरीक्षेचा पेपर चालू आहे. मृदाशास्त्राचाच. दुसरा प्रश्न पाणी मुरण्याचा आहे, आणि सगळी पोरं खाली माना घालून तुमचं उतरवून घेतायत. जरा हळू बोलता का?”